पाण्यावरून उचललेलं सोनं

मी आयुष्यभर जी वस्तू बनवली ती शिंक आली तर नाहीशी होते. यात अतिशयोक्ती नाही. एकदा माझ्याच शिंकेनं तीन दिवसांचं काम गेलं आहे आणि त्या दिवशी मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथे छापता येणार नाहीत. ती वस्तू म्हणजे धातूची फॉइल. स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळतात ती नव्हे. माझ्या फॉइलचे हजारेक पदर एकावर एक रचले तर कुठे केसाएवढी जाडी होईल. ती उजेडासमोर धरली की सोन्यातून पलीकडचं हिरवट दिसतं. सोन्यातून आरपार पाहिलेली माणसं आमच्या पनवेलमध्ये फार नसतील. मी रोज पाहत होतो.

आम्ही जातीचे सोनार. वडील पनवेलच्या बाजारपेठेत ऐरणीवर बसत. मी मात्र आयटीआय करून इक्बालभाईंच्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा आणि त्यात एक यंत्र. जाड काचेचा उलटा हंडा, त्याला आम्ही बेलजार म्हणत असू, आणि त्याखाली हवा खेचणारे पंप. हंड्यातली हवा काढायची, आत धातूच्या छोट्या पन्हळीत ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवून वीज सोडायची, की तुकडा वितळून त्याची वाफ होते आणि समोर जे ठेवलं असेल त्यावर त्या वाफेचा चकचकीत थर बसतो. स्कूटरच्या दिव्यांचे आरसे, बक्षिसांचे प्लास्टिकचे करंडक, देव्हाऱ्याच्या मखरांची नक्षी, सगळं आमच्याकडून चमकून जायचं.

गिऱ्हाइकंही एकेक. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक ट्रकवाला आपला भोंगा सोनेरी करून मागायला आला होता. मी म्हटलं, "भाऊ, हा थर पावसात टिकणार नाही." तो म्हणाला, "टिकला नाही तरी चालेल, एकदा पुण्याच्या साडूला दाखवून येतो." केला सोनेरी. साडूला दाखवून आल्यावर पेढे घेऊन आला. एका गृहस्थांना तर आपली कवळी सोन्याची करून हवी होती. त्यांना मात्र हात जोडले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक दिवस दारात एक गृहस्थ उभे राहिले. साधा बुशशर्ट, खांद्याला शबनम, पायात धुळीनं माखलेल्या चपला. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आम्ही त्यांना पुढे नुसतं 'सर' म्हणू लागलो. त्यांनी स्कूटरचा आरसा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा थर फार छान आहे. मला असाच हवा. फक्त मागची काच नको."

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काच नको म्हणजे?"

"नुसता थर. मधे भोक असलेल्या पट्टीवर ताणून. मागेपुढे काही नको."

"साहेब," इक्बालभाई म्हणाले, "हे म्हणजे दुधाशिवाय साय मागण्यासारखं झालं."

सर हसले आणि म्हणाले, "अगदी बरोबर. मला साय हवी आहे."

मला इक्बालभाईंचं ते सायीचं वाक्य झोंबलं. कोणी अमुक होणार नाही असं म्हटलं की मला ते करून दाखवायची खुमखुमी येते, मग नुकसान माझं झालं तरी चालेल. मी म्हटलं, "दोन महिने द्या." लागले सात.

रीत सांगतो. काचेच्या पट्टीवर आधी साबणाच्या पाण्याचा पातळ हात द्यायचा. ती वाळली की तिच्यावर सोन्याची वाफ बसवायची. मग काच तिरपी धरून स्वच्छ पाण्यात अगदी हळू बुडवायची. खालचा साबण विरघळतो आणि सोन्याचा पदर काचेवरून सुटून पाण्यावर तरंगू लागतो. आता ती भोकाची पट्टी पाण्यात खालून घालायची आणि पदर बरोबर भोकावर येईल असा वर उचलायचा. पंखा बंद, दार बंद, श्वास बंद. पाण्याचा शेवटचा थेंब निघताना पदर फाटला नाही तर जिंकलो. पहिल्या सात महिन्यांत मी किती पदर फाडले ते मोजलं नाही, मोजलं असतं तर नोकरी सोडली असती. पण ज्या दिवशी पहिला अखंड पदर भोकावर ताठ बसला, त्या दिवशी मी तो डबीत घालून इक्बालभाईंपुढे धरला. ते म्हणाले, "माशाल्ला! पण अरविंद, हे विकायचं कसं? गिऱ्हाईक म्हणेल डबी रिकामी आहे."

फॉइल न्यायला सरांची विद्यार्थिनी येऊ लागली. तिचं नाव सुनंदा. उरणजवळच्या कोळीवाड्यातली, वडील समुद्रावर जाणारे. घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिली ती आणि आता पीएचडी करत होती. न्यू पनवेलला खांदा कॉलनीत मामाकडे राहायची, म्हणून ने-आणीचं काम तिच्याकडे आलं. प्रयोगशाळेत अगदी छापील बोलायची. आमच्या गाळ्यात आली की चहाच्या दुसऱ्या घोटाला घरची बोली सुटायची. मला दादा म्हणायची.

मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं, "ह्या सोन्याचं तुम्ही करता काय?"

"त्याच्यावर गोळ्या मारतो," ती म्हणाली.

सात महिने जीव मुठीत धरून केलेल्या वस्तूवर गोळ्या! माझा चेहरा पाहून ती हसली आणि कागद ओढून समजावू लागली. तिनं मला सांगितलं ते मी पुढे इतक्यांना सांगितलंय की आता ते माझंच वाटतं. अणूत इलेक्ट्रॉन मजल्यामजल्यानं राहतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे. सगळ्यात आतला मजला म्हणजे तळमजला, पाणी भरपूर, जागेला मागणी. प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र दुसऱ्या एखाद्या अणूचे काही इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि त्याला भन्नाट वेगानं पळवतं. हा झाला आयन. तो सोन्याच्या फॉइलमधून आरपार जाताना एखाद्या अणूच्या आतल्या मजल्यावरचा भाडेकरू बाहेर उडवतो. खोली रिकामी झाली की वरच्या मजल्यावरचा खाली उडी मारतो, आणि त्या उडीचा धप्प आवाज म्हणजे क्ष-किरण. सोन्याच्या चाळीतला आवाज वेगळा, तांब्याच्या चाळीतला वेगळा. आवाज ऐकून चाळ ओळखता येते. आणि किती आवाज झाले ते मोजून, किती खोल्या रिकाम्या झाल्या ते कळतं.

"मग एवढा पातळ पदर कशाला? वळं द्या ठेवून," मी म्हटलं.

"नाय चालत, दादा. जाड असलं की आयन आतच दमतो, त्याचे इलेक्ट्रॉन कमीजास्त होतात. मग मोजलं ते कुठल्या आयनाचं, काय कळत नाय. एकाच टकरीचा हिशोब पाहिजे, तर पदर पातळच पाहिजे."

त्या दिवसापासून मी ट्रकवाल्याच्या भोंग्याकडे जरा वरून पाहू लागलो, हे कबूल करतो.

माझा गर्व वाढायला एक प्रसंग कारणीभूत झाला. पहिल्या वर्षातच सरांची चिठ्ठी आली. मजकूर थोडका: तुमच्या सोन्यात तांबं आणि जस्त आढळलं आहे, कृपया शुद्ध माल वापरावा. सोनाराच्या मुलाला कोणी असं लिहावं! वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. मी त्यांना सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी तडक प्रयोगशाळेत गेलो. फॉइल ठेवायची जागा दाखवा म्हटलं. सरांनी यंत्राचं झाकण उघडून दाखवलं. आयनांची धार बारीक करायला वाटेत एक छिद्र असलेली चकती होती, पिवळी, चमकदार.

"सर, ही पितळेची आहे का?"

"हो."

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमच्या आळीत हे पोरांना शाळेत घालायच्या आधी कळतं. तुमचे आयन चकतीच्या कडेला घासून जातात आणि तिचा आवाज तुम्ही माझ्या सोन्याच्या नावावर लिहिता."

सरांनी वाकून चकतीची कड निरखली. मग त्यांनी चकती बदलली आणि तांबं-जस्त गेलं. सुनंदा तोंडावर ओढणी धरून हसत होती. त्यानंतर प्रयोगशाळेत माझ्या फॉइलबद्दल कोणी शंका काढली की सर म्हणत, "आधी आपली चकती बघा." मी ते ऐकून फुगत गेलो. फुगलेला माणूस स्वतःचं काम तपासत नाही, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

सुनंदाचा प्रबंधाचा विषय असा होता. हलका आयन मारला तर अणूतली एखादीच खोली रिकामी होते. जड आयन मारला तर तो जाता जाता वरच्या मजल्यांवरच्याही चारदोन जणांना घेऊन जातो. अशा अर्ध्या रिकाम्या चाळीतला धप्प आवाज नेहमीपेक्षा किंचित चढा येतो. किती चढा, यावरून एका टकरीत एकूण किती खोल्या रिकाम्या झाल्या याचा अंदाज लागतो. तिला तो चढ सोन्यात मोजायचा होता. त्यासाठी यंत्र वर्षातून मोजके दिवस मिळायचं, कारण रांगेत बाकीचेही होते.

पावसाळ्याआधी तिनं माझ्या फॉइलवर प्रोटॉन मारून घेतले. प्रोटॉन म्हणजे सगळ्यात हलका मारा. आलेखात सोन्याचं शिखर जिथे हवं तिथे, सरळ आणि सुबक आलं. ही तिची तुलनेची खूण. मग फॉइल काढताना फाटली. फॉइल फाटतातच; यंत्राचे पुढचे दिवस दिवाळीनंतर होते, तेव्हा नवी खेप सवडीनं करू म्हटलं.

आणि मधे दसरा आला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा कोण करत नाही? इक्बालभाई स्वतः झेंडूची फुलं आणून द्यायचे. "तुझं मशीन, तुझी रीत. मशीन खूश तर मी खूश," असं म्हणायचे. दरवर्षी मी यंत्राला बाहेरून हार घालून हळदकुंकू लावत असे. त्या वर्षी मात्र माझ्या अंगात भक्ती संचारली होती. ज्या यंत्रानं मला प्रोफेसरांच्या बरोबरीनं बसवलं त्याची पूजा नीट व्हायला हवी, असं वाटलं. आमच्या घरात हातोडी-ऐरणीला कुंकवाऐवजी शेंदूर लावायची रीत. शेंदूर विकतचा नाही, वडील हिंगूळ खलून घरी करत. ती पुडी मी घेऊन गेलो. बेलजार वर उचलला आणि आत जिथे वीज येते त्या दोन तांब्याच्या खांबांना, अगदी यंत्राच्या काळजाला म्हणू या, शेंदराचं एकेक बोट लावलं. नमस्कार केला. दसऱ्यानंतर कामाला लागलो तेव्हा फडक्यानं पुसून घेतलं. लख्ख दिसले खांब. स्क्रूच्या फटीत काय राहिलं ते मी पाहिलं नाही. त्याच दिवशी सुनंदाची सोन्याची खेप केली.

दिवाळीनंतर तिला जड आयनांचे दिवस मिळाले. सिलिकॉनचे आयन, माझी नवी फॉइल. चार दिवसांनी गाळ्यातला फोन वाजला. तिचा आवाज कापत होता.

"दादा, शिखराला कुबड आलंय."

"म्हणजे वाईट झालं?"

"नाय हो! उजव्या अंगाला, चढ्या बाजूला. आमी थोडासा चढ बघायला गेलो होतो, हे तर वेगळंच शिखर उभं राहिलंय बाजूला. प्रोटॉनला नव्हतं, सिलिकॉनला हाय. म्हणजे जड आयन एका झटक्यात सगळा मजलाच रिकामा करतोय. असं कुणीच नाय पाहिलेलं आजवर." मग ती थांबली. "सरांनी एकच विचारलंय. पावसाआधीची फॉइल आणि ही फॉइल, दोन्ही एकसारख्याच ना?"

"एकच सोनं, एकच मशीन, एकच हात," मी म्हटलं. "लिहून देऊ?"

"द्याच."

मी लेटरहेडवर लिहून दिलं. खाली सही, तारीख, शिक्का. त्या सहीचा मला आजही राग येतो.

दोन महिने सुनंदा पेपर लिहीत होती. परदेशातल्या मोठ्या मासिकाला जाणार होता. सर फार बोलत नसत, पण त्यांचीही चाल बदलली होती. तिच्या कोळीवाड्यात बातमी पोचली. तिच्या आईनं माझ्यासाठी सुक्या बोंबलांची जुडी पाठवली, "आमच्या पोरीला सोनं देणाऱ्या दादाला" म्हणून. मीही मागे नव्हतो. प्रत्येक खेपेत एक काचेची पट्टी जास्तीची ठेवतात, तिच्यावरचा थर सोडवत नाहीत, तपासायला तसाच ठेवतात. तिला आम्ही साक्षीची काच म्हणतो. त्या खेपेची साक्षीची काच मी एका रविवारी घरी नेली आणि वडिलांपुढे ठेवली. म्हटलं, "बघा अण्णा, ऐरण सोडली म्हणून रागावला होतात ना? ह्या सोन्यावर शोध लागलाय."

अण्णांची नजर तोवर अधू झाली होती. तरी भिंग लावून त्यांनी काच खिडकीशी नेली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. बराच वेळ बघत होते.

"ह्या कडेला फिकं पडलंय रे."

"उजेडाचं असेल."

"उजेडाचं नाही. पारा लागलाय ह्याला. मुलामा देताना सोनं असंच पांढरं पडतं. पारा सोन्याला सोडत नाही, आत शिरतो." मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये पारा कुठून आला?"

मी 'कुठून येणार' म्हणालो आणि तोंड उघडंच राहिलं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. शेंदूर हिंगुळाचा. काचेची जी कड फिकी पडली होती ती तांब्याच्या खांबाकडची होती. खांब तापले, फटीतला शेंदूर उडाला आणि पारा सोन्यात जाऊन बसला. सुनंदाच्या वहीत मी धातूंच्या आवाजांचा तक्ता पाहिला होता. त्यात सोन्याच्या शेजारची चाळ पाऱ्याची. त्याचा आवाज सोन्यापेक्षा थोडा चढा असतो. बरोबर तिच्या कुबडाच्या जागी.

इथे मी स्वतःबद्दल चांगलं लिहू शकत नाही. मी दोन दिवस गप्प बसलो. कदाचित कुबड खरंच असेल, पारा अगदी थोडा असेल, अण्णांची नजर अधू आहे, असं स्वतःला बजावत राहिलो. खरं कारण निराळं होतं. ती लेटरहेडवरची सही आणि 'आधी आपली चकती बघा' म्हणणारे सर. ते सगळं एका चिमटीभर शेंदरात जाणार होतं. आणि ती मुलगी! मी सांगितलं तर तिचा शोध गेला, नाही सांगितलं तर तिला तो मिळाला. कोणी जगात कुठे दुसऱ्या सोन्यावर तपासून पाहीपर्यंत तरी मिळाला.

तिसऱ्या दिवशी इक्बालभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, पण प्यायले नाहीत.

"कुणाला कळेल का?" त्यांनी विचारलं.

"लगेच नाही."

"हे लोक आपल्याला सोडून जातील?"

"जातील बहुतेक."

त्यांनी थंड झालेला चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "अरविंद, मला विचारशील तर मी म्हणेन गप्प बस. म्हणून मला विचारू नकोस. काम तुझं आहे."

मी सायकल काढली आणि थेट खांदा कॉलनीत गेलो. सुनंदाच्या मामीनं दार उघडलं. आत जमिनीवर कागद पसरले होते, टाइप केलेले, स्वच्छ. सुनंदा लिफाफ्यावर पत्ता घालत होती. परवा टपालात टाकणार होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. खांब, शेंदूर, पारा, आणि हेही सांगितलं की मला दोन दिवसांपासून माहीत आहे.

तिनं पेन खाली ठेवलं. "तुमी लिहून दिलंत ना, दादा."

"हो."

"एकच हात म्हणालात."

"हात एकच होता."

"माझ्या बापानं होडीवर नाव लिवायचं ठरवलंय माझं, डॉक्टर सुनंदा म्हणून. आता मी काय सांगू त्याला, शेंदूर लागला?" आणि ती रडली. मी मान खाली घालून उभा होतो. मामी दारातून हलली नाही. खूप वेळानं सुनंदा उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "काच आणलीय का?" मी साक्षीची काच तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली आणि अण्णांसारखीच तिरपी केली. "जा तुमी आता," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं एका दुसऱ्या गटाकडून यंत्राचे तीन तास मागून घेतले. नव्या खेपेच्या उरलेल्या फॉइलवर प्रोटॉन मारले. प्रोटॉनमध्ये मजलाच्या मजला रिकामा करायची ताकद नसते, हे तिनंच मला शिकवलं होतं. तेव्हा कुबड खरं असतं तर प्रोटॉनला दिसायला नको होतं. ते दिसलं, तिथेच, तेवढंच. पारा होता.

पेपर टपालात पडला नाही. मला सरांनी बोलावून घेतलं. मी माफीची वाक्यं जुळवून गेलो होतो. सर म्हणाले, "अरविंद, ते खांब बदला. स्टीलचे लावा, फटी नसलेले." मी म्हटलं, "म्हणजे पुढची खेप माझ्याकडूनच?" ते चष्मा पुसत म्हणाले, "दुसरा कोणी करत असता तर दिली असती." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला तेव्हा उमगलं नाही. आता मी त्याला कौतुकच समजतो, माझ्या वयाला तेवढी सूट आहे.

मी यंत्र सुटं करून धुतलं. नवे खांब बसवले. आधी चार खेपा नुसत्या फुकट जाऊ दिल्या. प्रत्येक फॉइल सुनंदानं आधी प्रोटॉननं तपासली आणि मगच जड आयनांखाली घातली. मला ती कामाचं सोडून एक शब्द बोलत नव्हती. दादा म्हणत होती, पण तोंडदेखलं. ते मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा यंत्राचे दिवस मिळाले. त्या वेळी तिनं मला बोलावलं. मी पहिल्यांदाच मोजणी चालू असताना आत बसलो. पडद्यावर ठिपके जमत होते, हळूहळू सोन्याचं शिखर उभं राहत होतं. उजव्या अंगाला पाऱ्याची जागा होती. तिथे काही नव्हतं. दुपारपर्यंत नव्हतं, संध्याकाळीही नव्हतं. आणि शिखर स्वतः मात्र जागेवरून किंचित सरकलेलं होतं. इतकं किंचित की मला दिसत नव्हतं, तिनं पट्टी लावून दाखवलं.

"हे खरं हाय, दादा," ती म्हणाली. "लहान हाय, पण खरं."

त्या लहान सरकण्यावर तिनं प्रबंध पुरा केला. जगाला हादरवणारं त्यात काही नव्हतं. सोन्याच्या अणूवर जड आयन आदळला तर सरासरी किती खोल्या रिकाम्या होतात, याचा एक आकडा होता. असे आकडे जगात आधी फार थोडे होते, आणि त्यातला एक माझ्या पदरावर मोजला गेला होता. मला एवढं पुरलं असतं.

तिच्या तोंडी परीक्षेला बाहेरचेही लोक बसू शकत होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. पुढे तिचे आईवडील होते. परीक्षक दुसऱ्या राज्यातून आलेले, वयस्कर, इंग्रजीत बोलणारे. त्यांनी प्रबंध उघडून एका आकृतीवर बोट ठेवलं. मी दचकलो. तिनं कुबडाची आकृती छापली होती. लपवली नव्हती.

"हे पाऱ्याचं आहे असं तुम्ही लिहिता," परीक्षक म्हणाले. "पण हे नव्या परिणामासारखं दिसतं. मीही फसलो असतो. तुम्हाला शंका कशी आली?"

"मला आली नाही, सर," सुनंदा म्हणाली. "ज्यांनी फॉइल केली होती त्यांनी घरी येऊन सांगितलं. पेपर पाठवायच्या दोन दिवस आधी."

"स्वतःहून?"

"हो. गप्प बसण्यात त्यांचा फायदा होता."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्या प्रयोगशाळेत चांगली फॉइल मिळत नाही. हे गृहस्थ कुठे असतात?"

"ते मागे बसलेत."

सगळ्या खोलीनं वळून पाहिलं. मी उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते सुचेना. परीक्षकांनी मला विचारलं, आमच्यासाठी कराल का. माझं इंग्रजी तोकडं, मी मनात वाक्य जुळवू लागलो.

मग सुनंदानंच माझ्या वतीनं उत्तर दिलं. "करतील, सर. आणि त्यात काही बिघडलं असेल, तर तुम्हाला कळायच्या आधी तेच येऊन सांगतील."